वृद्ध बाई घरातून नाहीशी होते, तेव्हा बाहेरच्यांचे अंदाज का चुकतात

३१ ऑक्टोबर २०१८ची सकाळ. नॉर्वेची राजधानी ऑस्लोला लागून लोरेन्स्कोग नावाची वस्ती आहे. तिथल्या एका घरात अ‍ॅन-एलिझाबेथ हागेन या ६८ वर्षांच्या बाई एकट्याच होत्या. नवरा कामावर गेला होता. सव्वानऊच्या सुमारास त्या नात्यातल्या कुणाशी तरी फोनवर बोलल्या. त्यानंतर त्यांचा आवाज कुणाच्या कानावर पडलेला नाही. दुपारी नवरा घरी आला तेव्हा बाई नव्हत्या, चिठ्ठी होती. ९० लाख युरो द्या, पोलिसांना कळवाल तर परिणाम वाईट होतील, अशा मजकुराची. तेव्हाच्या दराने ही रक्कम सत्तर कोटी रुपयांच्या वर जाते.

पैसे मागितले होते ते मोनेरो या कूटचलनात. बिटकॉइनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, मोनेरोचं कमी. फरक सोपा आहे. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगासमोर उघडी असते. कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात किती गेले ते कुणालाही वाचता येतं, खात्यामागचं नाव तेवढं दिसत नाही. मोनेरोत पाठवणारा, घेणारा आणि रक्कम हे सगळंच झाकलेलं राहतं. म्हणजे खंडणी दिली की तिचा माग काढणं फार अवघड.

पोलिसांनी दहा आठवडे ही गोष्ट बाहेर येऊ दिली नाही. ९ जानेवारी २०१९ला त्यांनी पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं. बाई जिवंत असल्याचा एकही पुरावा समोरच्यांनी दिलेला नाही, म्हणून पैसे देऊ नका असा सल्ला आम्ही कुटुंबाला दिला आहे, हेही सांगितलं. खंडणीच्या तपासात हा पुरावा कळीचा असतो. आजचं वर्तमानपत्र हातात धरलेला फोटो, किंवा फक्त त्या व्यक्तीलाच देता येईल असं एखाद्या प्रश्नाचं उत्तर. ते मिळाल्याशिवाय समोरचा माणूस खरोखर ओलीस धरणारा आहे की संधी साधणारा कुणी भुरटा, हे कळायला मार्ग नसतो.

त्या दिवसापासून ही घटना सगळ्या जगाची झाली, आणि ज्यांनी कधी नॉर्वे पाहिलेला नाही तेसुद्धा कोडं सोडवायला बसले.

चिठ्ठीची भाषा मोडकीतोडकी होती ही बातमी आली. एका बाजूने अंदाज निघाला की लिहिणारा परदेशी असणार. दुसऱ्या बाजूने निघाला की लिहिणारा नॉर्वेचाच, मुद्दाम परदेशी असल्याचं भासवतोय. पुरावा एकच, त्यातून दोन उलट्या गोष्टी. ज्या धाग्यातून दोन्ही बाजूंचं कापड विणता येतं, तो धागा नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. त्याला दुसऱ्या कशाची तरी जोड लागते. कागद कुठला, पाकीट कुठे विकतात, घरातला बुटाचा ठसा कुठल्या कंपनीच्या बुटाचा, हे सगळं तपासावं लागतं, आणि ते पोलिसांच्या प्रयोगशाळेत होतं.

जून २०१९मध्ये पोलिसांनीच आपली दिशा बदलली. अपहरण नसावं, खून झाला असावा आणि अपहरणाचा देखावा केला असावा, असं ते म्हणाले. एप्रिल २०२०च्या शेवटी त्यांनी नवऱ्याला अटक केली. ते मोठे उद्योजक आहेत, त्यांनी आरोप पहिल्यापासून नाकारला आहे. दहा-अकरा दिवसांत न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितलं, कारण अटकेत ठेवण्याइतका आधार न्यायाधीशांना दिसला नाही. बाई आजपर्यंत सापडलेल्या नाहीत. कुठल्याही न्यायालयाने कुणालाही दोषी ठरवलेलं नाही.

मी ही घटना मुद्दाम सविस्तर सांगितली. दीड वर्ष तपास, घरातला इंच न् इंच पिंजलेला, फोनच्या नोंदी, ठसे, साक्षी, हे सगळं ज्यांच्या हातात होतं त्यांचं म्हणणंही न्यायालयात टिकलं नाही. मग ज्याच्या हातात फक्त घराचा एक फोटो आणि चार बातम्या आहेत, त्याच्या अंदाजाला किती वजन द्यायचं?

यावर लोक जे म्हणतात ते मला माहीत आहे. ‘अहो, अशा प्रकरणात बहुतेक वेळा घरातलाच कुणीतरी निघतो.’ या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि तेवढ्यानेच ते घातक ठरतं. बाईच्या जिवावर उठणारा अनेकदा ओळखीतला असतो, म्हणून पोलीस चौकशी घरापासून सुरू करतात. पण ‘सुरुवात कुठून करायची’ आणि ‘केलं कुणी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताप आला की डॉक्टर पावसाळ्यात आधी डेंग्यूची तपासणी करायला सांगतात, याचा अर्थ तापाचा प्रत्येक पेशंट डेंग्यूचा असा होत नाही. पोलीस घरच्यांना विचारतात ते बऱ्याचदा त्यांचं नाव यादीतून खोडण्यासाठी. बाहेर मात्र ‘घरच्यांची चौकशी’ एवढे दोन शब्द पोहोचतात, आणि संध्याकाळपर्यंत मुलगा, सून, जावई यांचे लग्नातले फोटो लाल गोल काढून फिरायला लागतात.

दुसरी चूक आकड्यांची आहे, आणि ती हुशार माणसंही करतात. समजा कॅमेऱ्यात एक माणूस दिसला. उंच, पाठीवर सॅक, चालताना जरासा झुकणारा. असं वर्णन जुळणारा हजारात एकच माणूस असतो असं धरू. वाटतं, वा, हजारात एक म्हणजे सापडलाच! पण शहर दहा लाखांचं असेल तर त्यात वर्णन जुळणारे हजार लोक निघतील. त्यातला एक गुन्हेगार, नऊशे नव्याण्णव आपापल्या कामाला चाललेले. हजारो लोक फोटो चाळायला बसले की त्या नऊशे नव्याण्णवांपैकी कुणीतरी सापडणारच. सापडला म्हणजे तोच, असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच ते इतकं महागात पडतं.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण बोस्टनचं आहे. एप्रिल २०१३मध्ये तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. एफबीआयने संशयितांची चित्रं जाहीर केल्यावर काही तासांत रेडिटसारख्या संकेतस्थळांवरच्या हौशी मंडळींनी एका २२ वर्षांच्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं. तो महिनाभर आधीच बेपत्ता झाला होता आणि घरचे त्याचा शोध घेत होते. त्याला शोधण्यासाठी त्यांनी जे पान उघडलं होतं त्यावर रात्रभर शिव्या आणि धमक्या येत राहिल्या, शेवटी ते पान त्यांना बंद करावं लागलं. स्फोट करणारे दोघे भाऊ वेगळेच निघाले. २३ एप्रिलला त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. ज्या काळात त्या आईवडिलांना लोकांच्या डोळ्यांची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच काळात त्यांच्यावर तोंड लपवायची वेळ आली. रेडिटने नंतर माफी मागितली.

बाहेरच्यांचे अंदाज चुकायचं आणखी एक कारण आहे, आणि ते समजलं की पोलिसांच्या गप्प राहण्याचा राग जरा कमी होतो. तपासातल्या काही गोष्टी मुद्दाम झाकून ठेवतात. चिठ्ठीतलं एखादं वाक्य, दोरीची गाठ, खोलीतली एखादी वस्तू. ती फक्त करणाऱ्याला माहीत असते. मोठ्या प्रकरणात खोटे कबुलीजबाब येतात, ‘बाई आमच्याकडे आहेत’ म्हणून भलत्याच लोकांचे फोन येतात. त्यांची परीक्षा याच झाकलेल्या गोष्टीने होते. ती बाहेर फुटली की पोलिसांच्या हातातला गळच तुटला.

हा प्रकार इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. २९ डिसेंबर १९६९ला लंडनच्या विम्बल्डन भागातून एका ५५ वर्षांच्या बाईंना घरातून उचलून नेलं. त्यांचे पती एका वृत्तपत्र कंपनीत बड्या हुद्द्यावर होते. दहा लाख पाउंडांची मागणी झाली. बातमीचा गाजावाजा झाला आणि घरातला फोन खोटे फोन करणाऱ्यांमुळे, अतींद्रिय ज्ञान सांगणाऱ्यांमुळे, मदतीच्या नावाने पैसे उकळू पाहणाऱ्यांमुळे वाजत राहिला. खऱ्या अपहरणकर्त्यांचा फोन त्या गर्दीतून ओळखायचा होता. पुढे उघड झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अपहरण करणारे दोघे भाऊ होते, आणि त्यांना त्या कंपनीचे मालक रूपर्ट मरडॉक यांच्या पत्नीला पळवायचं होतं. कंपनीच्या गाडीचा पाठलाग करून ते चुकीच्या घरी पोहोचले होते. दोघांना १९७०मध्ये शिक्षा झाली, बाई कधीच मिळाल्या नाहीत. त्या घरातल्या माणसांवर बोट दाखवणाऱ्या कुठल्याही तर्कात ‘गाडी ओळखण्यात झालेली चूक’ हे उत्तर बसणारच नव्हतं. खरं उत्तर कित्येकदा असंच असतं, यादीबाहेरचं.

पोलिसांची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. २७ जानेवारी २०२३ला इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या एका गावात ४५ वर्षांची एक बाई मुलींना शाळेत सोडून कुत्र्याला नदीकाठी फिरवायला गेली आणि परतलीच नाही. तिचा फोन बाकावर होता, कामाची मीटिंग त्यावर चालूच होती. ती नदीत पडली असावी हे पोलीस पहिल्या आठवड्यातच म्हणत होते. पण ‘फोन बाकावर कसा?’ या एका प्रश्नावर लाखो लोकांनी अपहरणाच्या कहाण्या रचल्या. कॅमेरे घेऊन माणसं गावात उतरली, लोकांच्या आवारात शिरली, रान उकरू लागली. पोलिसांना त्यांना हुसकून लावावं लागलं. १९ फेब्रुवारीला ती त्याच नदीत, साधारण मैलभर खाली सापडली. चौकशीत निष्पन्न झालं ते अपघाती बुडणं. पाणी ४ अंशांच्या आसपास होतं. इतक्या थंड पाण्यात पडलं की माणूस दचकून एकदम श्वास ओढतो, तोंडात पाणी जातं, हाक मारायलाही उसंत मिळत नाही. ‘ओरडण्याचा आवाज कसा आला नाही’ या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं होतं.

पोलिसांनी तिथे मधल्या काळात तिच्या तब्येतीची खाजगी माहिती जगजाहीर केली, आणि नंतर झालेल्या अधिकृत परीक्षणात ते टाळता येण्याजोगं आणि अनावश्यक होतं असं स्पष्ट म्हटलं गेलं. पत्रकारांशी नीट बोलणं न ठेवल्यामुळे अफवांना मोकळं रान मिळालं, हाही ठपका आला. ते मला रास्त वाटतं. पोलिसांनी सगळं सांगू नये, पण ‘हे सांगता येणार नाही, कारण अमुक’ एवढं सांगावं. तेवढ्यानेही लोकांना धीर येतो.

आता आपल्याकडे या. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, तिथे उतरले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर येत होते. त्या पाचांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं, आणि जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत होती, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि मुलाला उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या पाच घरांना त्याचा काही उपयोग नव्हता.

लोरेन्स्कोग आणि राईनपाडा यांच्यात काही साम्य नाही असं वाटेल. यंत्र मात्र एकच आहे. धास्ती खरी असते, माहिती तुटपुंजी असते, आणि मधली जागा कुणाच्या तरी चेहऱ्याने भरली जाते.

आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगते. समोरच्या इमारतीतल्या ७८ वर्षांच्या आजी एका पहाटे घरातून निघून गेल्या. विसराळूपणा वर्षभर वाढत होता. सात वाजता सून खाली येऊन प्रत्येकाला विचारत होती, पायात चप्पल नव्हती तिच्या. साडेसातला आमच्या ग्रुपवर फोटो आला. आठपर्यंत ‘पांढरी ओम्नी गेटपाशी उभी होती म्हणे’ आलं. सव्वाआठला ‘पाटल्या होत्या हातात’. नऊच्या आत एका बाईंनी लिहिलं, ‘सुनेशी पटत नव्हतं, सगळ्यांना माहितीये.’ त्याखाली हात जोडलेली चिन्हं. मी तो मेसेज वाचला आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की असेल. मी सुनेला आठ वर्षं ओळखते, तरी वाटलं.

दूध टाकणारा पोरगा तेव्हा रोजच्यासारखा पैसे घ्यायला आला. तो ग्रुपवर नाही. वॉचमनने विचारलं तर म्हणाला, ‘आजी ना? बघितल्या की. चौकात. मला म्हणल्या, साताऱ्याची गाडी कुठं लागते रे बाळा.’ किती वाजता? त्याने मोबाइल काढला. चहावाल्याला त्याने तेव्हाच ऑनलाइन पैसे दिले होते, वेळ तिथे छापलेली होती: ५:४२. अंगावर हिरवी साडी, तोंड स्टँडच्या दिशेला. एवढं पोलिसांना सांगितल्यावर तासाभरात आजी एसटी स्टँडच्या बाकावर मिळाल्या. सातारा हे त्यांचं माहेर. आईकडे निघाल्या होत्या.

त्या पोराने जे सांगितलं त्याला साक्ष म्हणतात. काय दिसलं, कुठे, किती वाजता, तोंड कुठल्या दिशेला. ग्रुपवर जे चाललं होतं त्यात एकाही माणसाने स्वतः पाहिलेलं काही नव्हतं. पोलिसांना पहिल्या प्रकारचं हवं असतं. लोरेन्स्कोगच्या पोलिसांनी नवऱ्याच्या कचेरीबाहेर फिरताना दिसलेल्या माणसांचं चित्रण जाहीर केलं तेही याचसाठी होतं, हे कोण आहेत, यांनी काही पाहिलं का, पुढे या. ‘हेच ते’ असं त्यात कुठे नव्हतं.

तेव्हा असं काही तुमच्या शेजारी घडलं तर काय करता येईल ते लिहिते, कारण करण्यासारखं खूप आहे. प्रौढ माणूस बेपत्ता झाला की आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते. चोवीस तास थांबा असा कुठलाही नियम नाही, तसं कुणी म्हणालं तर ऐकू नका. खंडणीचा फोन आला किंवा पळवून नेल्याची ठोस शंका असली तर गुन्हा दाखल होतो. खंडणीसाठीच्या अपहरणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०मध्ये फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तातडीला ११२, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे.

विसरणारी माणसं कशी भरकटतात याचा शोधपथकांना अनुभव असतो. ती बहुधा जुन्या ओळखीच्या जागेकडे निघतात, माहेर, जुनं घर, पूर्वीची नोकरीची जागा. वाट अडेपर्यंत चालत राहतात आणि मग तिथेच थांबतात, कुंपणापाशी, झुडपात, बांधकामाच्या खोलीत. हाक मारली तरी ओ देतीलच असं नाही. म्हणून घराजवळचा एकेक कोपरा हाताने चाचपून बघावा लागतो. आधी घर, गच्ची, जिना, पंपाची खोली, बंद गाड्या. अपहरणाची चर्चा सुरू झाली की हे बघायचं राहूनच जातं, कारण सगळ्यांचे डोळे त्या पांढऱ्या गाडीकडे लागलेले असतात.

दुकानदारांना, सोसायट्यांना हात जोडून सांगावं की कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण काढून ठेवा. ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यावर नवं बसतं. काढलेलं चित्रण पोलिसांना द्यायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. त्यात दिसणाऱ्या रिक्षावाल्याला उद्या त्याच नाक्यावर उभं राहायचं असतं. आणि कुणाचं नाव घेऊन ‘यानेच केलं’ असं लिहिणं ही बदनामी होते, न्याय संहितेच्या कलम ३५६खाली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे त्याला.

फोटो जरूर पाठवा. पण खाली तारीख लिहा, पोलीस ठाण्याचं नाव लिहा, आणि घरच्या बाईचा खाजगी नंबर शक्यतो टाकू नका. माणूस सापडला की ज्या ज्या ठिकाणी पाठवलं त्या सगळ्या ठिकाणी तसं कळवा आणि फोटो काढून टाका. आमच्या आजी त्याच दिवशी दुपारी घरी येऊन वरणभात जेवल्या. त्यांचा फोटो मात्र तारखेशिवाय फिरत राहिला. आठ महिन्यांनंतरसुद्धा रात्री अकरा-बाराला सुनेला कुठल्या तरी गावाहून फोन यायचे, ‘तुमच्या आजी आम्ही बघितल्या, किती देणार बोला.’ ती उठून आतल्या खोलीत जायची, आजी झोपल्यात ना ते बघून यायची, आणि मग फोन ठेवायची.